कस्तुरीचं कवाड

"आणि शाल कुणाच्या खांद्यावर घातलीत, ते तरी ठाऊक होतं का तुम्हाला?"

अज्जा बेलाखाली पडलेली पानं गोळा करत होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"रेवणच्या," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"समाधीचं कवाड केलं म्हणून."

"कुणी केलं?"

…

अज्जा सावकाश सरळ झाले. समोर कस्तुरी आरबोळे उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून हातोडीचा दांडा वर आलेला. चेहरा लाल. मठात येताना चपला बाहेर काढायला ती विसरली होती. किंवा विसरली नव्हती.

हिरण्यकेशीच्या काठी हा लहानसा मठ. एक समाधी, एक विहीर, बेलाचं झाड आणि ऐंशीच्या घरातले एक विरक्त म्हातारबुवा. त्यांचं खरं नाव गाव कधीच विसरून गेलं होतं. लहानथोर सगळे त्यांना अज्जाच म्हणत. भांडून आलेल्यांना ते राग सोडून द्यायला सांगत. त्यांनी एखाद्याच्या डोक्यावर हात ठेवला की गावाच्या लेखी तो माणूस चांगला ठरत असे.

आरबोळ्यांचा मळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. कस्तुरी थोरली, रेवण तिचा धाकटा भाऊ. कस्तुरीनं आयटीआयला सुतारकाम शिकून घेतलं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. शिकून आली तेव्हा गावात तिला कुणी हातोडीला हात लावू देईना, म्हणून ती अंगणवाडीत लागली. पोरं दुपारी घरी जात. मग तिचा उरलेला दिवस रिकामा.

वडील गेल्यावर म्हशी विकल्या. मळ्यातला गोठा ओस पडला. एका सुट्टीत कस्तुरीनं तो झाडून काढला, गव्हाणी फोडल्या, जमीन चोपून सपाट केली आणि मधोमध कामाचं टेबल मांडलं. आधी पोळपाट-लाटणी, मग पाट, मग चौरंग. बघता बघता जोडधंदा उभा राहिला.

लाकूड आणायचं आणि माल पोचवायचा, हे काम रेवणचं. त्याच्याकडे टेंपो होता. गिऱ्हाईक रेवणला भेटे, रेवणशी बोले, रेवणला शाबासकी देई.

"रेवणकडनं चौरंग करून घेतला हो, काय हात आहे पोराचा!"

असं कानावर आलं की कस्तुरी सुरुवातीला हसायची.

मग एके दिवशी ती अंगणवाडीतून परतली, तर गोठ्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं. रेवण फर्निचर.

"बाईचं नाव बघून गिऱ्हाईक दबकतंय, आक्का," रेवण म्हणाला. "नुसती पाटी आहे. तुझं काम तुझंच."

आई म्हणाली, "नाव कुणाचं का असेना. घर तर एकच आहे ना?"

कस्तुरी तेव्हाही गप्प बसली.

मठातल्या समाधीचं जुनं कवाड वाळवीनं खाल्लं होतं. देवस्थान कमिटीनं नवं करायला सांगितलं. अर्थातच, रेवणला. मळ्यात वडिलांच्या हातचा फणस होता, तो वादळात उन्मळून पडला होता. त्याच्या फळ्या सावलीत वाळत पडल्या होत्या. कस्तुरीनं त्या काढल्या. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती त्या कवाडावर होती. दोन झडपा, पिवळ्याधमक, कडेनं बेलपानांची नक्षी. एकही पान दुसऱ्यासारखं नाही.

आदल्या दिवशी कवाड बसलं. मांडव घातला होता, स्पीकर लागला होता. कस्तुरी बायकांच्यात खाली सतरंजीवर बसली होती.

"आपल्या गावचे गुणी कारागीर, रेवण आरबोळे!"

रेवण उठला. कस्तुरीला वाटलं, आता सांगेल. माईक हातात आला की सांगेल.

अज्जांनी शाल घातली. रेवणनं माईक हातात घेतला.

"अज्जांची कृपा," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.

कस्तुरी अर्धी उठली होती. आईनं तिचं मनगट धरलं. "गप बस. चारचौघांत शोभा नको."

शेजारची बाई वाकून म्हणाली, "नशीब काढलंस बाई. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं."

हे सगळं काल झालं. आणि आज सकाळी कस्तुरी मठात उभी होती.

"कवाड मी केलं," ती म्हणाली. "हे हात बघा."

"बघितलेत."

"कधी?"

"माप घ्यायला आली होतीस तेव्हा. तू चौकट तपासत होतीस. रेवण बाहेर टेंपोत बसून होता."

कस्तुरीनं पुढे केलेले हात खाली घेतले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"आणि तरी त्याला शाल घातलीत?"

"कमिटीनं नाव पुकारलं. मी घातली."

"एक शब्द विचारता आला नाही? 'काय रे, खरंच तू केलंस का?' एवढंच?"

"आला असता."

"मग?"

…

"मांडवात गडबड झाली असती," अज्जा म्हणाले.

कस्तुरी मोठ्यानं हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

"गडबड! घरदार सोडलेला माणूस तुम्ही. तुमच्याकडे गमवायला काय आहे? आणि तुम्ही गडबडीला भ्यालात?"

"भ्यालो."

तिला या उत्तराची अपेक्षा नव्हती. नाव म्हणजे माया आहे, कर्म करावं आणि विसरून जावं, असलं काहीतरी ते बोलतील असं धरून ती आली होती. त्यावर काय काय सुनावायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. त्यानं तिचा राग कमी झाला नाही. उलट भडकला.

"मग ऐका," ती म्हणाली. "मी कवाड काढून न्यायला आलेय."

"काढ."

"अडवणार नाही?"

"तू केलंयस."

"समाधी उघडी पडेल."

"पडू दे."

ती पाय आपटत समाधीकडे गेली. पिशवीतून पेचकस काढला आणि पहिल्या बिजागरीला लावला. कालच घट्ट पिळलेले स्क्रू. एकेक करून ते फिरू लागले. झडप जड होती. वरची बिजागरी सुटली तशी ती कलायला लागली.

अज्जा पुढे आले.

"धरू?"

"झेपणार नाही तुम्हाला."

 झडपेला खांदा लावून ते उभे राहिले. वजनानं त्यांचा पाय मागे सरकला. कस्तुरीनं ते पाहिलं. तिचा हात क्षणभर थांबला… मग तिनं पेचकस पुन्हा फिरवला. आज तिला कुणाची दया करायची नव्हती.

नदीवरून धुणं घेऊन येणाऱ्या बायका फाटकाशी थबकल्या. मग आणखी माणसं आली. पहिली झडप भिंतीला टेकवून दुसरीची वरची बिजागरी सुटते न सुटते तोच कमिटीचे अध्यक्ष बाळगोंडाअण्णा धापा टाकत आत शिरले.

"अगं ए पोरी! देवाच्या दाराला हात लावतेस? काल बसवलेलं कवाड! आणि अज्जा… तुम्ही धरताय?"

"धरलंय," अज्जा म्हणाले. आता त्यांच्या खांद्यावर दुसरी झडप होती.

"हिला थांबवा तरी!"

कस्तुरी वळली. बाळगोंडाअण्णांकडे नाही, अज्जांकडे.

"सांगा आता यांना," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की गाव ऐकतं. कवाड कुणी केलं ते सांगा."

अज्जांनी मान हलवली. नाही.

"का? परत भ्यालात?"

"नाही. मी सांगितलं तर ते तुझं होणार नाही."

"मग कुणाचं होईल?"

"माझ्या शब्दाचं. काल मी शाल घातली म्हणून ते रेवणचं झालं. आज मी बोललो म्हणून तुझं. मी उद्या नसलो तर?"

कस्तुरीच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"हे बरं आहे! चुकायचं तुम्ही, आणि तोंड उघडायचं मी."

"होय," अज्जा म्हणाले. "अन्याय आहे."

…

फाटकाशी कुणीतरी खोकलं. आता पंधरा-वीस माणसं जमली होती. कस्तुरीनं पेचकस मुठीत आवळला आणि ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचा आवाज पहिल्या शब्दाला फाटला. पण ती थांबली नाही.

"हे कवाड मी केलं. रेवणनं नाही, मी. आमच्या मळ्यातला फणस, आमच्या गोठ्यात कापला, मी कापला. बेलाचं एकेक पान मी कोरलंय. बाळगोंडाअण्णा, तुमची नात ज्या पाळण्यात झोपते तो मी केलाय. गिरणीतलं बाकडं मी केलंय. तुमच्या घरातले पाट, चौरंग, सगळं मी केलंय. आणि इतके दिवस तुम्ही कौतुक करत होता ते माझं कौतुक होतं. मला कुणी एकदासुद्धा विचारलं नाही."

मागून एक माणूस हसला. "बाईमाणसाला रंधा झेपतोय होय?"

"झेपला," कस्तुरी म्हणाली. "काल त्याच कवाडावर डोकं टेकलंस की तू."

 कुणी मान खाली घातली, कुणी एकमेकांकडे पाहिलं. एक-दोघी बायका पुढे आल्या आणि भिंतीला टेकवलेल्या झडपेवरून त्यांनी बोटं फिरवली. काहींच्या चेहऱ्यावर विश्वास होता. काहींच्या नव्हता.

बाहेर टेंपो थांबला. कुणीतरी रेवणला फोन केला असावा. तो आत आला आणि एक झडप उतरलेल्या चौकटीकडे बघत उभा राहिला.

"खरं काय ते सांग, रेवण," बाळगोंडाअण्णा म्हणाले.

रेवणनं अज्जांकडे पाहिलं. अज्जा झडप सांभाळत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी कधी म्हटलं, मी केलं म्हणून?" रेवण म्हणाला. "लोक म्हणाले. मी गप्प बसलो."

"गप्प बसून शाल घेतलीस," कस्तुरी म्हणाली.

"आक्का… मांडवात सगळे बघत होते. मी उठलो तेव्हा सांगणारच होतो. पण वाटलं, आता सांगितलं तर उगाच…"

"गडबड होईल."

रेवणनं मान खाली घातली.

बाळगोंडाअण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. गावातली भांडणं मिटवायची त्यांना सवय होती.

"बरं, झालं ते झालं. पोरी, आता कवाड लावून टाक. पुढच्या कार्यक्रमात तुझाही सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं."

"शाल नको मला."

"मग काय पाहिजे?"

कस्तुरीनं पेचकस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला काय नको ते तिला पक्कं ठाऊक होतं. काय पाहिजे ते तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"काम सांगायचं असेल तर माझ्याकडे या," ती शेवटी म्हणाली. "माप मला सांगा. आवडलं नाही तर भांडण माझ्याशी करा. रेवण टेंपो चालवतो. त्याच्याकडे टेंपोचं बोला."

"येऊ की. पण हे कवाड…"

"हे मी घरी नेणार आहे."

"आणि समाधी?"

"तिची काळजी ज्याला आहे तो येईल मळ्यात."

तिनं शेवटचा स्क्रू काढला. अज्जांच्या खांद्यावरून तिनं झडप स्वतःच्या हातात घेतली. एक टोक तिनं उचललं. दुसरं जमिनीवर राहिलं.

कुणी पुढे आलं नाही.

मग रेवण आला. त्यानं दुसरं टोक उचललं. "टेंपोत टाकू, आक्का."

"टेंपो नको. गावातून हातानं न्यायचं."

ते निघाले. रेवण पुढे, कस्तुरी मागे. भर सकाळ होती, सगळी दारं उघडी होती. दुकानाच्या कट्ट्यावरून एकानं हाक मारली, "काय रे रेवण, कवाड परत का नेतोस? मापात चुकलं काय तुझं?"

रेवण चालत राहिला. पुढच्या वळणावर एका म्हातारीनं तेच विचारलं. तो थांबला.

"माझं नाही, आजी. आक्कानं केलंय."

"मोठ्यानं," मागून कस्तुरी म्हणाली.

रेवणनं श्वास घेतला.

"कवाड आक्कानं केलंय!"

कट्ट्यावरची माणसंसुद्धा वळून बघू लागली. दुसरी झडप न्यायला ते परत आले तेव्हा त्याला सांगावं लागलं नाही.

पुढचे काही आठवडे सोपे नव्हते. आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. दोन-तीन घरांनी सांगितलेलं काम परत घेतलं, कारण काही दिलं नाही. गोठ्यात कस्तुरीनं लहान पाट करून ठेवले, ते तसेच उतरंडीसारखे एकावर एक चढत गेले. भिंतीवरची निळी अक्षरं तिनं स्वतः खरवडून काढली. त्या जागी काही लिहिलं नाही. एका संध्याकाळी तिच्या मनात आलंही, की गप्प बसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते मनातून काढून टाकलं आणि रंध्याला हात घातला.

तिकडे समाधी उघडीच होती. शेळ्या आत शिरून समाधीवरचा बेल खायच्या. अज्जा दिवसभर चौकटीत बसून त्यांना हाकलायचे. गावातल्या लोकांनी गोणपाटाचा पडदा लावायचं ठरवलं, तर अज्जांनी तो काढून घडी करून परत दिला.

शिवरात्र जवळ आली तसे बाळगोंडाअण्णा मळ्यात आले. ते रेवणच्या टेंपोजवळ थांबले नाहीत. गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"कस्तुरी," ते म्हणाले, "समाधीला कवाड पाहिजे."

कस्तुरी फळी घासत होती. तिनं ती फळी पुरी केली. मग हात पुसले.

"बसा," ती म्हणाली. "चौकट जरा फुगलीय का बघावी लागेल. मी उद्या येऊन माप घेते."

त्यांच्यामागून एक बाई आली, तिला कपाट हवं होतं. नंतर शाळेचे मास्तर आले. आईनं गोठ्यात पहिल्यांदाच चहा आणून दिला आणि कामाच्या टेबलाच्या कडेला ठेवला.  कप घेऊन जायला ती पुन्हा आली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कस्तुरीनं कवाड पुन्हा बसवलं. मठात गर्दी नव्हती. रेवणनं झडपा उतरवून दिल्या आणि तो दुसऱ्या कामावर गेला. या वेळीही झडप धरायला अज्जाच उभे राहिले. सगळे स्क्रू बसले. कस्तुरीनं कवाड उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. कुठं घासत नव्हतं.

तिनं हत्यारं पिशवीत भरली. पण ती निघाली नाही.

"अज्जा."

"हं."

"रेवणवरचा राग गेला माझा. तो आता माझ्याही आधी सांगतो, कुणी केलं ते. गावावरचाही उतरतोय हळूहळू."

अज्जांनी कवाडाची कडी लावली.

"तुमच्यावरचा जात नाही. रेवण धाकटा, घाबरला. गावाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही झडप धरलीत, शेळ्या हाकलल्या, सगळं खरं. पण या फाटकातून आत पाऊल टाकलं की छातीत पुन्हा तेच पेटतं. मी नमस्कार करते, पण मनातून होत नाही."

…

"तुम्ही सगळ्यांना राग सोडायला सांगता," ती म्हणाली. "मला सांगा, हा कसा सोडायचा?"

 अज्जांनी हात जोडले. समाधीकडे नाही, तिच्याकडे.

"सोडू नकोस," ते म्हणाले. "मला लागतो तो. पुन्हा भिऊ नये म्हणून."